मराठी दूरचित्रवाणी मालिकांतील पात्रांचा विकास आणि मानसिक आरोग्याचे चित्रण : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : ठाणे-दिवा परिसर, १९७२ ते २०२४)

प्रस्तावना :

मुंबई आणि परिसरातील मराठी बोलीत 'याला आता ठाण्याला न्या' असे वाक्य गेली अनेक दशके प्रचलित आहे. ऐकणाऱ्यास त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. ठाणे हे तलावांचे शहर आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी जेथे पोहोचली ते हे शहर आहे. तरीही या वाक्यात ठाणे म्हणजे केवळ 'वेड्यांचे इस्पितळ' असते. पुणे परिसरात हीच जागा 'येरवडा' या शब्दाने घेतली आहे.

प्रस्तुत लेखक दिवा येथे वास्तव्यास आहे. दिव्याहून लोकलने निघाल्यास मुंब्रा, कळवा आणि त्यानंतर ठाणे, असे हे तिसरे स्थानक येते. साधारण दहा वर्षांपूर्वी शेजारच्या एका कुटुंबातील तरुण मुलगा रात्ररात्र जागू लागला, स्वतःशी बोलू लागला आणि घरच्यांवर संशय घेऊ लागला. त्याच्यावर उपचार सुरू होण्यास जवळजवळ दोन वर्षे लागली. मधल्या काळात अंगारे-धुपारे झाले, गावी देवाला कौल लावून झाला. उपचाराची सोय तीन स्थानकांवर होती. मुलाच्या आईचे म्हणणे मात्र एकच होते, "ठाण्याला नेलं हे चाळीत कळलं तर मागच्या पोरीचं लग्न कसं व्हायचं?" या माउलीने मनोविकाराविषयी एकही पुस्तक वाचलेले नव्हते. वेडा माणूस कसा असतो आणि त्याचे पुढे काय होते, याचे एक चित्र मात्र तिच्या मनात पक्के होते. ते चित्र कोठून आले आणि ते घडविण्यात मराठी दूरचित्रवाणीचा वाटा किती, हा प्रश्न प्रस्तुत शोधनिबंधाच्या मुळाशी आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) मराठी समाजातील मनोरुग्णाच्या प्रतिमेची ऐतिहासिक पार्श्वभूमी पाहणे.
२) १९७२ नंतरच्या मराठी दूरचित्रवाणीवरील पात्रांच्या विकासाचे टप्पे आणि त्यातील मानसिक आरोग्याचे चित्रण अभ्यासणे.
३) दैनंदिन मालिका आणि मराठी चित्रपट यांतील चित्रणाची तुलना करणे.

गृहीतक :

दैनंदिन मालिकेकडे पात्राच्या विकासासाठी अन्य कोणत्याही कलाप्रकारापेक्षा अधिक वेळ उपलब्ध असतो. तथापि हा वेळ मनोविकाराच्या प्रसंगी उपचार व पुनर्वसनाला न देता कथानकातील धक्क्यांना दिला जातो.

संशोधन पद्धती व मर्यादा :

सदर अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. निवडक मालिका, चित्रपट, नाटके आणि मानसिक आरोग्यविषयक कायदे यांचा आधार घेतला आहे. हा सर्वेक्षणात्मक अभ्यास नाही. दिवा परिसराविषयीची निरीक्षणे ही लेखकाची रहिवासी म्हणून केलेली निरीक्षणे आहेत, त्यांना सांख्यिकी पुराव्याचे स्थान देऊ नये.

१. 'ठाणे' या शब्दामागील इतिहास :

महाराष्ट्रात नागपूर, रत्नागिरी, ठाणे व येरवडा अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. चारही ब्रिटिश काळातील असून ठाण्याचे रुग्णालय १९०१ साली स्थापन झाले. येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. या चारही ठिकाणी मोठे तुरुंगही आहेत. ठाण्याचे कारागृह तर जुन्या किल्ल्यातच आहे. उंच भिंत, मोठे फाटक आणि पहारा ही दोन्ही संस्थांची बाह्य लक्षणे सामान्य माणसाच्या डोळ्यांना सारखीच दिसत.

कायद्यानेही हे साम्य दृढ केले. १९१२ च्या 'इंडियन ल्युनसी ॲक्ट' नुसार निराधार भटकणाऱ्या मनोरुग्णास पोलिसांनी ताब्यात घ्यावे, दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे आणि त्याच्या आदेशाने इस्पितळात दाखल करावे, अशी तरतूद होती. आजारी माणूस डॉक्टरकडे जाण्याऐवजी शिपाई आणि न्यायाधीश यांच्यामार्गे जात असेल, तर लोकांनी त्याला रुग्ण न समजता आरोपी समजावे यात नवल नाही. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही चार दशकांहून अधिक काळ टिकला. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १ एप्रिल १९९३ पासून अंमलात आला, तेव्हा १९१२ चा कायदा संपुष्टात आला. म्हणजेच मुंबई दूरदर्शनची पहिली वीस वर्षे देशात कायद्याची भाषा 'ल्युनॅटिक' हीच होती. पात्रांची भाषा त्याहून पुढे असेल अशी अपेक्षा करताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

२. रंगभूमीचा वारसा :

दूरचित्रवाणीने मनोरुग्णाचे पात्र नव्याने निर्माण केले नाही, ते मराठी रंगभूमीकडून तिला मिळाले. या वारशाचे दोन प्रवाह दिसतात. पहिला प्रहसनाचा. राम गणेश गडकरी यांच्या अपूर्ण राहिलेल्या 'वेड्यांचा बाजार' या नाटकाच्या शीर्षकातूनच तो सूचित होतो. येथे वेड म्हणजे छंद, विक्षिप्तपणा, फार तर नाद. प्रेक्षकाने हसावे आणि घरी जावे, एवढाच त्याचा हेतू.

दुसरा प्रवाह शोकात्मिकेचा. गडकऱ्यांचेच १९१९ साली रंगभूमीवर आलेले 'एकच प्याला' हे नाटक व्यसनाला विनोदाचा विषय न करता एका कर्तबगार वकिलाच्या ऱ्हासाची कथा सांगते. सुधाकराचे पात्र अंकागणिक बदलत जाते, ही पात्रविकासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट होय. मात्र या ऱ्हासाला परतीची वाट नाही. वसंत कानेटकरांच्या १९५७ च्या 'वेड्याचं घर उन्हात' मध्ये दादासाहेब या पात्राच्या मनाचा गुंता हाच नाटकाचा विषय झाला आणि मनोविश्लेषणाची भाषा मराठी रंगमंचावर स्थिरावू लागली.

हसू किंवा नाश अशा दोनच शक्यता रंगभूमीने पुढील माध्यमाच्या हाती दिल्या. तिसरी शक्यता, म्हणजे आजारातून उठून, औषध घेत घेत, नोकरी-संसार करणारा माणूस, ही जवळजवळ अनुपस्थित होती.

३. दूरदर्शनचा कालखंड (१९७२ ते १९९९) :

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आरंभीच्या काळात मालिका म्हणजे साप्ताहिक आणि मोजक्या भागांचा कार्यक्रम असे. चिं. वि. जोशी यांच्या मानसपुत्रांवर आधारलेली 'चिमणराव' ही मालिका या काळाचे उत्तम उदाहरण आहे. चिमणराव व गुंड्याभाऊ ही पात्रे प्रत्येक भागात तीच असतात, प्रसंग बदलतो. विनोदी साप्ताहिक मालिकेत पात्राचा विकास अपेक्षितच नसतो, त्याचे ओळखीचे असणे हेच त्याचे बळ. भित्रा, चिंताक्रांत मध्यमवर्गीय माणूस येथे प्रेमाने रंगविला गेला, परंतु त्याची चिंता हा हसण्याचा विषय राहिला.

देशपातळीवर ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या 'हम लोग' या हिंदी मालिकेने वेगळा प्रयोग केला. मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांनी विकसित केलेल्या, करमणुकीतून समाजशिक्षण देण्याच्या पद्धतीवर ती बेतलेली होती. बसेसर राम या पात्राच्या मद्यपानातून एका कुटुंबाची होणारी ओढाताण महाराष्ट्रातील घरांतही पाहिली गेली. भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी थेट बोलत. या मालिकेचा अभ्यास अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी केला. सोशिकपणाचे तोटे दाखविण्यासाठी निर्माण केलेली भागवंती ही अनेक प्रेक्षकांना आदर्श वाटली, असे त्यांना आढळले. लेखकाने काय ठरविले आणि प्रेक्षकाने काय घेतले यांत अंतर पडू शकते, हा धडा प्रस्तुत विषयासाठीही मोलाचा आहे.

याच काळात, १९९१ साली, संजय सूरकर दिग्दर्शित 'चौकट राजा' हा मराठी चित्रपट आला. बालपणीच्या अपघातानंतर बौद्धिक वाढ थांबलेल्या नंदूची भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली. चिमणरावच्या रूपाने घराघरांत पोहोचलेल्या नटाने ही भूमिका केल्याने प्रेक्षक हसण्याच्या तयारीने बसला आणि गंभीर होऊन उठला, असे म्हणता येईल. बौद्धिक अपंगत्व आणि मनोविकार या दोन भिन्न बाबी आहेत. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याने त्यांचा स्वतंत्र उल्लेख केला. लोकव्यवहारात मात्र दोहोंना 'वेडा' हा एकच शब्द होता आणि बऱ्याच अंशी आजही आहे.

१९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था सुरू केली. ज्या शहराचे नाव इस्पितळाच्या भिंतीमुळे थट्टेचा विषय झाले होते, त्याच शहरात समुपदेशनासाठी आपल्या पायांनी चालत येण्याची जागा तयार झाली. शहराचा इतिहास पुढे सरकला, वाक्प्रचार मात्र जागेवरच राहिला.

४. खाजगी वाहिन्या आणि दीर्घ मालिका (१९९९ नंतर) :

१५ ऑगस्ट १९९९ रोजी 'अल्फा मराठी' ही वाहिनी सुरू झाली. २००५ मध्ये तिचे नाव 'झी मराठी' झाले. २००० साली 'ई टीव्ही मराठी' आणि २००८ साली 'स्टार प्रवाह' या वाहिन्या आल्या. दूरदर्शनवर 'दामिनी' या मालिकेने दैनंदिन मराठी मालिकेची सवय लावलीच होती. आता ती पद्धतच झाली.

या टप्प्याच्या प्रारंभी पात्रविकासाची आशादायक उदाहरणे दिसतात. 'आभाळमाया' मधील सुधा जोशी ही प्राध्यापिका पतीच्या विवाहबाह्य संबंधाला सामोरी जाते. तिच्या मनाची घालमेल दाखविताना तिला वेडी, दुबळी किंवा देवी ठरविण्याची गरज लेखकांना वाटली नाही. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मध्ये निवृत्त आजोबांचे एकटेपण रोजनिशीच्या निमित्ताने हळुवारपणे येते. या दोन्ही मालिकांत कोणताही मनोविकार नाही, परंतु सामान्य माणसाचे मन हा मालिकेचा विषय होऊ शकतो हे त्यांनी दाखवून दिले.

मनोविकार मात्र वेगळ्याच दाराने आत आला. त्याचे चार प्रकार करता येतात.

पहिला प्रकार स्मृतिभ्रंशाचा. अपघात होतो, नायक किंवा नायिका नेमकी जोडीदारालाच विसरते आणि पुढे दुसऱ्या धक्क्याने सारे आठवते. वैद्यकीय दृष्ट्या असा निवडक विसर आणि असा झटपट इलाज ही अतिशय अपवादात्मक बाब आहे.

दुसरा प्रकार वेडी ठरविण्याचा. खलनायिका नायिकेच्या दुधात औषध मिसळते, नायिका भ्रमिष्टासारखी वागते, आणि घर तिच्यावर अविश्वास दाखवते. यात औषध म्हणजे विष असे समीकरण मांडले जाते. 'गोळ्यांनीच माणूस वेडा होतो' ही समजूत दिवा परिसरात लेखकाने अनेकदा ऐकली आहे. औषधे मध्येच सोडली जाण्याच्या अनेक कारणांत या समजुतीचाही वाटा असावा.

तिसरा प्रकार अलौकिकाचा. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'असंभव' या मालिकेचे कथानक पुनर्जन्माच्या कल्पनेवर उभे होते. २०१६ ची 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सिंधुदुर्गातील नाईक कुटुंबाच्या वाड्यात घडते. दिवा परिसरात कोकणातून आलेल्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. दिवा-सावंतवाडी गाडी ही त्यांची हक्काची गाडी. आपली मालवणी बोली रोज रात्री पडद्यावर ऐकू येण्याचा आनंद त्यांनी मनापासून घेतला आणि तो आनंद खराच होता. तथापि या मालिकेत पांडूचे विसरणे हा विनोद झाला. त्याचे 'इसारलंय' घराघरांत पोहोचले. मनाच्या इतर अस्वस्थतेवर मात्र भुताखेतांची सावली पडली. म्हणजे रंगभूमीकडून आलेल्या 'हसू किंवा नाश' या जोडीत येथे 'बाधा' ही तिसरी गोष्ट मिळाली.

चौथा प्रकार खलपुरुषाचा. २०२० मध्ये सुरू झालेल्या 'देवमाणूस' मधील तोतया डॉक्टर खून करीत जातो. 'लक्ष्मी निवास' या २०२४ च्या अखेरीस सुरू झालेल्या मालिकेतील जयंत हा पती प्रेमाच्या नावाखाली पत्नीवर पाळत ठेवतो. अशा पात्रांसाठी 'सायको' हा शब्द प्रेक्षकांच्या तोंडी सहज बसला आहे. अमेरिकेत जॉर्ज गर्बनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरचित्रवाणीचा दीर्घकाळ अभ्यास करून, मनोरुग्ण म्हणून दाखविलेली पात्रे इतरांपेक्षा कितीतरी अधिक हिंसक रंगविली जातात, असे दाखवून दिले होते. प्रत्यक्षात बहुसंख्य मनोरुग्ण हिंसक नसतात, उलट ते इतरांच्या हिंसेला बळी पडण्याचीच शक्यता अधिक असते. जयंतसारख्या पात्रामुळे स्त्रीवरील पाळत हा छळ आहे हे अनेक घरांत उघडपणे बोलले गेले असेल, तर ती जमेची बाजू मानावी लागेल. परंतु तो छळ आजाराच्या नावावर टाकल्याने छळ करणारा सुटतो आणि आजारी माणूस अडकतो.

५. चित्रपटांचा समांतर प्रवाह :

या पार्श्वभूमीवर सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचे चित्रपट तुलनेसाठी घेणे आवश्यक ठरते. सुमित्रा भावे (निधन : १९ एप्रिल २०२१) या मूळच्या समाजकार्याच्या अभ्यासक व अध्यापक होत्या आणि १९८५ च्या 'बाई' या लघुपटापासून त्या चित्रपटाकडे वळल्या.

२००४ च्या 'देवराई' मध्ये अतुल कुलकर्णी यांनी रंगविलेला शेष स्किझोफ्रेनियाने, म्हणजे छिन्नमनस्कतेने, आजारी आहे. स्किझोफ्रेनिया जागृतीसाठी पुण्यात संस्था उभारणारे जगन्नाथ वाणी हे या चित्रपटाचे निर्माते होते. या चित्रपटात आजाराचे ओझे वाहणारी बहीण हे पात्रही शेषइतकेच महत्त्वाचे आहे. मराठी पडद्यावर रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीच्या थकव्याला इतकी जागा क्वचितच मिळाली असेल. छिन्नमनस्कता म्हणजे 'एका शरीरात दोन माणसे' हा प्रेक्षकांचा रूढ गैरसमजही येथे आपोआप गळून पडतो.

२०१३ च्या 'अस्तु' मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृती हरवत चाललेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री साकारले. मालिकांतील स्मृतिभ्रंशाशी त्याची तुलना उद्बोधक आहे. मालिकेत स्मृती परत येते, म्हणून ती जाणे हे नाट्य असते. 'अस्तु' मध्ये ती परत येणार नाही, म्हणून माणूस स्मृतीवाचूनही माणूस राहतो का, हा प्रश्न उभा राहतो. २०१६ च्या 'कासव' ला ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. त्यातील नैराश्यग्रस्त तरुणाला जानकी आपल्या घरी आश्रय देते. ती स्वतः त्या वाटेने जाऊन आलेली आहे. उपदेश न करता, घाई न करता सोबत करणे हीच तेथील शुश्रूषा आहे.

हे तीन चित्रपट 'नाश' आणि 'हसू' यांच्या पलीकडील तिसरी शक्यता मांडतात. तथापि त्यांचा प्रेक्षकवर्ग मर्यादित राहिला, हेही मान्य केले पाहिजे. प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या आईने 'देवराई' पाहिला नव्हता. ती रोज रात्री आठ वाजताची मालिका पाहत होती.

६. कालावधीचा प्रश्न :

वरील तुलनेतून एक विसंगती पुढे येते. आठवड्यातून सहा दिवस, जाहिराती वगळता सुमारे वीस मिनिटे चालणारी मालिका आठवड्याला दोन तास घेते. म्हणजे दर आठवड्याला एका चित्रपटाइतका वेळ तिच्यापाशी असतो. २३ डिसेंबर २०१९ ते ३० नोव्हेंबर २०२४ या काळात चाललेल्या 'आई कुठे काय करते!' या मालिकेने या हिशेबाने दोनशेहून अधिक चित्रपटांचा वेळ घेतला.

आता आजाराच्या गतीचा विचार करू. नैराश्यावरील औषधांचा परिणाम दिसू लागण्यास काही आठवडे लागतात आणि बरे वाटल्यानंतरही ती कित्येक महिने चालू ठेवावी लागतात. छिन्नमनस्कतेत हा काळ त्याहून मोठा असतो. सुधारणा हळू होते, मध्येच घसरण होते, पुन्हा सावरावे लागते. दोन तासांच्या चित्रपटाला ही गती सूचित करावी लागते. दैनंदिन मालिका मात्र ती प्रत्यक्ष काळात, प्रेक्षकाच्या दिनदर्शिकेबरोबर दाखवू शकते. मनोविकारातून सावरण्याची कथा सांगण्यास याहून अनुकूल कलाप्रकार शोधून सापडणार नाही.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. ब्रिटनमधील बीबीसीच्या 'ईस्टएंडर्स' या १९८५ पासून चालू असलेल्या मालिकेत १९९६-९७ मध्ये जो विक्स या तरुणाच्या छिन्नमनस्कतेचे कथानक आले, तर २००९ मध्ये स्टेसी या लोकप्रिय पात्राला द्विध्रुवीय विकाराचे निदान झाले. स्टेसी त्यानंतरही मालिकेत राहिली. तिचे लग्न, मूल, भांडणे, विनोद सारे चालूच राहिले. आजार हे तिचे एक अंग झाले, तिची संपूर्ण ओळख झाली नाही.

मराठीतही ही क्षमता आहे. 'आई कुठे काय करते!' मधील अरुंधती ही घरात गृहीत धरलेली गृहिणी घटस्फोट, गाणे, स्वतःचे उत्पन्न, दुसरा विवाह आणि वैधव्य अशा टप्प्यांतून जाते. तिचा आत्मविश्वास एका भागात येत नाही, तो मागेपुढे होत वर्षानुवर्षे घडतो. जे लेखन स्वाभिमानाची इतकी संथ वाढ दाखवू शकते आणि जो प्रेक्षक ती पाच वर्षे पाहतो, त्यांना औषधोपचाराची संथ वाढ झेपणार नाही असे मानण्यास आधार नाही. अडचण प्रेक्षकांच्या अभिरुचीत नसून मनोविकाराकडे कथानकाचे वळण म्हणून पाहण्याच्या सवयीत आहे. साप्ताहिक लोकप्रियतेच्या आकड्यांवर चालणाऱ्या व्यवसायात धक्का हा खात्रीचा माल असतो. घरातील मुलगा आज वेळेवर गोळी घेऊन झोपला, ही बातमी त्या घरासाठी मोठी असली तरी वाहिनीसाठी नसते.

७. कायदा आणि प्रतिमा :

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये अंमलात आला. त्याने उपचार हा हक्क मानला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावे, अशी तरतूद केली. याच कायद्याच्या कलम ३० नुसार मनोविकाराविषयीचा कलंक कमी करण्यासाठी दूरचित्रवाणीसह सर्व माध्यमांतून प्रसार करणे ही शासनाची जबाबदारी आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सर्वेक्षणाच्या वेळी सुमारे १०.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने ग्रस्त होते आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. ज्या बारा राज्यांत हे सर्वेक्षण झाले, त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. आपल्या राज्याविषयी बोलताना हे आकडे जसेच्या तसे वापरता येत नाहीत, याची नोंद अभ्यासकांनी घ्यावी.

१९१२ ते २०१७ या प्रवासात कायद्याची भाषा 'ल्युनॅटिक' पासून हक्काच्या भाषेपर्यंत आली. मालिकांच्या भाषेने तेवढे अंतर कापलेले नाही. 'वेडा' ऐवजी 'सायको' आला, हा बदल शब्दाचा झाला, दृष्टीचा नव्हे.

८. दिवा : प्रेक्षकाची बाजू :

दिवा जंक्शन हे मध्य रेल्वेवरील पनवेल व वसईकडे जाणाऱ्या मार्गांचे केंद्र. परवडणारे घर मिळावे म्हणून येथे आलेल्या कुटुंबांतील कर्ती माणसे पहाटे निघतात आणि रात्री परततात. लोकलच्या दारात लटकून केलेल्या या प्रवासाचा मनावर ताण येतो हे सांगण्यास संशोधनाची गरज नाही. एका खोलीच्या घरात संध्याकाळी सात ते दहा हा वेळ मालिकांचा असतो. तीच कुटुंबाची एकत्र बसण्याची वेळ असते. त्यामुळे मालिकेतील पात्र हे येथे घरातील आणखी एक माणूस असते. त्याच्याविषयी बोलता बोलता घरातील माणसाविषयी बोलले जाते.

याच कारणाने मालिकेवर बहिष्कार किंवा बंदी हा उपाय प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. ज्या दाराने गैरसमज आत आला, त्याच दाराने समजूतही येऊ शकते. शेजारच्या मुलावर अखेर एका शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात उपचार सुरू झाले आणि आज तो नोकरी करतो. त्याची आई आजही 'त्याला झोपेचा त्रास होता' एवढेच सांगते. तिच्यापाशी दुसरे शब्द नाहीत, कारण ते शब्द तिने कोणत्याही पात्राच्या तोंडून ऐकलेले नाहीत.

निष्कर्ष :

१) मराठी समाजातील मनोरुग्णाची भीतिदायक प्रतिमा वसाहतकालीन रुग्णालय, तुरुंग व पोलीस यांच्या एकत्रित अनुभवातून घडली. 'ठाणे' व 'येरवडा' हे वाक्प्रचार त्याचे अवशेष होत.
२) रंगभूमीने दूरचित्रवाणीला 'हसू' आणि 'नाश' असे दोन साचे दिले. दीर्घ मालिकांनी त्यात स्मृतिभ्रंश, वेडी ठरविणे, अलौकिक बाधा व विकृत खलपुरुष यांची भर घातली.
३) मराठी चित्रपटाने कमी वेळात आजारी माणसाला माणूस म्हणून उभे केले. मालिकेने अधिक वेळ असूनही ते केले नाही. गृहीतक या मर्यादेत सिद्ध होते.
४) अरुंधतीसारख्या पात्रांच्या विकासावरून, संथ आंतरिक बदल दाखविण्याची क्षमता मराठी दैनंदिन मालिकेत आहे हे स्पष्ट होते.
५) मालिकेतील एखाद्या लोकप्रिय पात्राने आजार, उपचार, औषधे आणि नित्याचे जीवन यांसह वर्षभर पडद्यावर राहणे, हे अनेक जाहिरातींपेक्षा परिणामकारक ठरू शकते. वाहिन्या, लेखक आणि ठाण्यासारख्या ठिकाणी काम करणारे मनोविकारतज्ज्ञ यांनी यासाठी एकत्र येणे आवश्यक आहे.

समारोप :

ठाणे आणि मुलुंड यांच्या दरम्यान नवे रेल्वे स्थानक होऊ घातले आहे. त्यासाठी ठाणे मनोरुग्णालयाच्या जागेचा काही भाग देण्यात आला आहे. हे स्थानक सुरू झाल्यावर लोकलने येणारी हजारो माणसे रोज त्या जागेवर उतरतील आणि आपापल्या कामाला जातील. ज्या आवाराचे नाव घेण्यास लोक कचरत होते, तेथून लोकांची रोजची ये-जा सुरू होईल. रुळांवरून हे घडेल तेव्हा घडेल. घराघरांतील पडद्यावर ते घडविण्यासाठी मात्र जमीन, निधी वा मंजुरी यांची गरज नाही. मालिकेतील एखाद्या मुलाने आपल्या आईला "चल, ठाण्याला जाऊन येऊ" असे साध्या आवाजात म्हणावे आणि आईने ताट बाजूला ठेवून चपला घालाव्यात, एवढे पुरेसे आहे.